वापरलेली टायटॅनियम हार्डटेल घ्यायची आहे, दोनपैकी माझ्या मापाची कोणती? (गोवा)

सुकूर_सडा

नमस्कार मंडळी. सध्या माझ्याकडे ॲल्युमिनियमची २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) आहे, लार्ज साइझची. ती मला मोठी पडते. दुसरी घ्यायचीच आहे तर गोव्याच्या खाऱ्या हवेत टिकेल अशी टायटॅनियमची घ्यावी म्हणते. नवी परवडणार नाही, म्हणून वापरलेली. दोन समोर आहेत, दोन्हींचे आकडे खाली देते.

मी: उंची १६८ सें.मी., पायाची आतली लांबी ७७ सें.मी. (भिंतीला टेकून, पुस्तक दाबून), वजन ६२ किलो.

सध्याची: रीच (पेडलच्या धुरीपासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ४५५, स्टॅक (तेच उभं अंतर) ६३०, सीटट्यूब ४८०, सीटचा कोन ७५ अंश, स्टेम ५०, हँडलचा उठाव २०, स्टेमखाली १० चा स्पेसर. सगळं मि.मी.मध्ये. सीट रेल्सवर पूर्ण पुढे आणलेली आहे. तरी तासाभरात तळहात बधिर होतात, आणि थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट लागत नाहीत.

पहिली: पुण्यात आहे. २६ इंची, अमेरिकन बनावटीची जुनी फ्रेम. आडवा टॉपट्यूब (सीटपासून हेडट्यूबपर्यंतचं आडवं अंतर) ५७०, स्टॅक ५६०, हेड कोन ७१, सीट कोन ७३, सीटट्यूब ४२०, सीटपोस्ट २७.२. हेडट्यूब (फोर्क बसतो ती पुढची नळी) जुनी सरळ, आतून ३४ मि.मी.ची. मागे १३५ क्विक रिलीज, डिस्कची सोय आहे. स्टेम ९०.

दुसरी: मांद्र्याला आहे, मालक देश सोडून चाललेत. २९ इंची. आडवा टॉपट्यूब ५९५, स्टॅक ६०५, हेड कोन ६९, सीट कोन ७३.५, सीटट्यूब ४३०, सीटपोस्ट ३१.६. हेडट्यूब ४४ मि.मी.ची, बॉटम ब्रॅकेट (पेडलची धुरी फिरते ती जागा) आट्यांचा, मागे १४२×१२. हे आकडे कंपनीच्या पत्रकातले, आणि त्या पत्रकात फोर्क १०० मि.मी.चा धरलाय. मालकांनी मात्र १२० चा बसवलाय.

वापर: पर्वरी-सुकूरचा सडा, डिचोली-साखळीकडचे कच्चे रस्ते, अधूनमधून चोर्ला घाट. पावसाळ्यातही चालवते.

---

मापपट्टी

ताई, आकडे नीट दिलेत, त्यामुळे बोलता येतं.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्हाला होणारा त्रास धातूमुळे नाही, मापामुळे आहे. लार्ज टायटॅनियम घेतली तरी हात बधिरच होतील. म्हणून फ्रेम चकचकीत आहे का, नाव कुणाचं आहे, हे सगळं नंतर. आधी माप.

सीटची उंची: आतली लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे ७७० × ०.८८३ = ६८० मि.मी. हे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत, सीटट्यूबच्या रेषेत मोजायचं. हा रोडचा हिशोब आहे. खडकाळ वाटेवर ५ ते १० मि.मी. कमी ठेवलेलं बरं. आता तुमच्या सध्याच्या सायकलची सीटट्यूब ४८० आहे, म्हणजे वर फक्त २०० उरतात. तेवढ्यात चांगला ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) बसत नाही. दोन्ही पाय न टेकण्याचं कारणही तीच उंच फ्रेम.

रीच आणि आडवा टॉपट्यूब यांत पुष्कळ जण गोंधळतात. उभं राहून उतरताना लागतो तो रीच. बसून पेडल मारताना जाणवतो तो आडवा टॉपट्यूब अधिक स्टेम. तुमचे हात बसल्यावर बधिर होतात, म्हणून आधी बसण्याचा हिशोब:

सध्याची: आडवा टॉपट्यूब साधारण ६२४ (४५५ अधिक ६३० × टॅन १५ अंश), त्यात स्टेम ५०, एकूण ६७४.
पहिली: ५७० + ९० = ६६०.
दुसरी, १०० च्या फोर्कवर: ५९५ + स्टेम ६० धरला तर ६५५, स्टेम ५० लावला तर ६४५.

दोन्ही जवळ येतात. फरक उभं राहिल्यावर कळतो. पहिलीचा रीच ३९९ निघतो, दुसरीचा ४१६. तुमच्या उंचीला ४१० ते ४३० मला योग्य वाटतं.

---

नटबोल्ट_फोंडा

मापपट्टीबाब, दुसरीचे तुम्ही काढलेले आकडे कागदावरचे. सायकलवर १२० चा फोर्क आहे हे विसरू नका.

२९ च्या १०० मि.मी. फोर्कची एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतची) लांबी साधारण ५०० ते ५१० असते, १२० ची ५२० ते ५३०. म्हणजे पुढची बाजू २० ने उचलली गेली. त्यात काय काय होतं बघा: हेड कोन आणि सीट कोन दोन्ही सुमारे एक अंशाने झोपतात, ६९ चा ६८ आणि ७३.५ चा ७२.५. रीच जवळजवळ १० ने कमी होऊन ४०६ वर येतो. आडवा टॉपट्यूब उलट वाढून ६०० होतो. बॉटम ब्रॅकेटही थोडा वर जातो.

ताईंसाठी यात वाईट काय, तर सीटचा कोन. ६८० उंचीवर ७५ अंशाला सीट बॉटम ब्रॅकेटच्या १७६ मि.मी. मागे असते. ७२.५ ला ती २०४ मागे जाते. चोर्ल्याच्या चढणीवर वजन मागच्या चाकावर पडणार आणि पुढचं चाक हलकं होऊन भटकणार. शिवाय १०० साठी बनवलेल्या फ्रेमला १२० लावला की हेडट्यूबच्या खालच्या जोडावर दाब वाढतो. कंपनीने कमाल किती मि.मी.ला परवानगी दिली आहे ते पत्रकात शोधा. नसेल लिहिलेलं तर १०० च धरा.

उपाय कठीण नाही. एअर फोर्क असेल तर बहुतेक मॉडेलांत आतला एअर शाफ्ट बदलून १०० करता येतो, काही जुन्यांत नुसते स्पेसर घालावे लागतात. ते काम लोअर सर्व्हिसच्या (फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून केलेल्या साफसफाईच्या) वेळीच करायचं, म्हणजे सील आणि तेल एकदाच बदललं जातं. फोर्कच्या पायावरचा मॉडेल क्रमांक आणि क्राउनवरचा सीरियल यांचा फोटो मागवा. कोणता शाफ्ट लागेल ते त्यावरून ठरतं.

---

रानवाट_सत्तरी

पहिलीच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २६ ची जुनी फ्रेम हलकी, चपळ आणि निम्म्या भावात मिळते. १६८ उंचीला २६ चं चाक छान वळतं. त्या काळच्या अमेरिकन फ्रेमांचं वेल्डिंग आजही बघत राहावं असं. लाइटस्पीड, मर्लिन, मूट्स यांनी नव्वदच्या दशकात जे केलंय त्याला आजही तोड नाही.

---

मापपट्टी

वेल्डिंगबद्दल दुमत नाही, रानवाट. पण वापर बघा. सड्यावर जांभ्याच्या पायऱ्या आणि सुटे गोटे. ७१ अंशाचा हेड कोन आणि ९० चा स्टेम म्हणजे वजन पुढच्या चाकाच्या माथ्यावर. २६ चं चाक पायरीच्या खाचेत अडकलं की माणूस हँडलवरून पुढे. स्टेम ५० केला तर बसण्याची लांबी ६२० होते आणि गुडघे हँडलला लागायला येतात. जुनी भूमिती लांब स्टेम धरूनच आखलेली असते, नुसता स्टेम कापून ती आधुनिक होत नाही.

दुसरी अडचण हेडट्यूबची. सरळ नळीत आजचा टेपर्ड स्टिअरर (फोर्कची वरची नळी, खाली जाड होत जाणारी) जात नाही. कप बाहेरचे लावले तरी नाही, कारण खालचा दीड इंची भाग नळीच्या आतल्या ३४ मि.मी.त मावतच नाही. २६ चा, सरळ स्टिअररचा, धड चालणारा १०० मि.मी. फोर्क शोधत बसावं लागेल, आणि मिळाला तरी त्याचे सुटे भाग मिळतील याची खात्री नाही. ४४ च्या हेडट्यूबमध्ये मात्र खाली बाहेरचा कप लावला की टेपर्ड बसतो, वर आतला कप. सरळ स्टिअररही रिड्यूसरने चालतो. वापरलेली टायटॅनियम शोधताना ४४ ची हेडट्यूब आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट हे दोन शब्द पाठ करावेत. ज्या फ्रेममध्ये हे दोन्ही आहेत तिला भाग मिळणं सोपं जातं.

---

रानवाट_सत्तरी

फोर्कचा मुद्दा मान्य. चांगले ट्यूबलेस २६ टायर शोधणंही जड जातं, हे खरं. गावात फिरायला, दिवाडीची फेरी मारायला पहिली उत्तम. सड्यासाठी दुसरी.

---

वास्को_वेल्ड

मी धातूच्या बाजूने लिहितो. वेल्डिंग तपासणी हेच काम आहे.

सायकलच्या नळ्या बहुतेक ३-२.५ मिश्रधातूच्या असतात, म्हणजे ३ टक्के ॲल्युमिनियम, २.५ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. ड्रॉपआउटसारखे कापून काढलेले भाग कधी ६-४ चे. घनता ४.५ च्या आसपास, स्टीलची ७.८, ॲल्युमिनियमची २.७. ताठरपणा स्टीलच्या साधारण निम्मा, ॲल्युमिनियमच्या दीडपट. म्हणून ती ॲल्युमिनियमपेक्षा फार हलकी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. खरी मिळकत दोन: गंज नाही, आणि थकवा सहन करण्याची ताकद मोठी. पण ती ताकद वेल्ड चांगला असेल तरच.

टायटॅनियम साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून वेल्ड करताना बाहेर आणि नळीच्या आतही आर्गॉन भरलेला लागतो. झाकण नीट झालं असेल तर जोड चांदीसारखा किंवा फिकट गवती दिसतो. निळा, जांभळा दिसला तर शंका घ्या. राखाडी, पांढुरका, भुकटीसारखा असेल तर फ्रेम सोडा. पण रंग घासून काढता येतो, त्यामुळे रंग नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. बॉटम ब्रॅकेट काढलेला असेल तर टॉर्च मारून आतून जोड बघा, तिथे कुणी घासत नाही.

तडा वेल्डच्या मण्यावर (जोडाच्या उंचवट्यावर) क्वचित येतो. तो येतो मण्याच्या कडेला, जिथे वेल्ड संपून नळी सुरू होते. बघण्याच्या जागा, माझ्या क्रमाने:

१. हेडट्यूब आणि डाउनट्यूबचा जोड, खालची बाजू. सायकल उलटी करूनच बघा. १२० चा फोर्क लावून चालवलेली असल्याने तुमच्या दुसऱ्या सायकलीत ही जागा सगळ्यांत आधी.
२. सीटट्यूबच्या वरची खाच. क्लॅम्प काढून खाचेच्या तळाशी बघा. पोस्ट कमी खोल घातलेला असेल तर तडा इथून निघतो.
३. मागच्या डिस्क कॅलिपरचा माउंट आणि त्याच्या शेजारची नळी.
४. बॉटम ब्रॅकेटच्या मागे चेनस्टे, विशेषतः टायरसाठी दाबून चपटी केलेली जागा.
५. केबलचे स्टॉप आणि बाटलीचे बॉस (बाटलीचा पिंजरा लावायचे आटे). भाग छोटे, पण उष्णता तीच लागलेली.

कसं बघायचं: आधी फडक्याला आयसोप्रोपिल लावून सगळं पुसा. मग कापसाचा बोळा जोडावरून हलक्या हाताने फिरवा. तंतू अडकला तिथे नखाने तपासा, मोबाइलचा मॅक्रो फोटो घ्या. शंका राहिली तर डाय पेनिट्रंट करा: लाल द्रव लावायचा, थांबायचं, पूर्ण पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ वर येते. वेल्डिंगची तपासणी करणाऱ्या वर्कशॉपात तीन कॅनचा हा संच असतोच.

ब्रश केलेल्या फिनिशवर ओरखडे असले तर घाबरू नका, ते हिरव्या घासणीने एकाच दिशेने घासून जातात. पण एखाद्या जोडाजवळ तेवढाच पट्टा ताजा घासलेला दिसला तर विचारा की का घासला. आणि तडा गेलेली फ्रेम "इथे टिग वेल्डिंगवाल्याकडे जोडून घेऊ" या हिशोबाने घेऊ नका. स्टेनलेसची टाकी जोडणारा माणूस आतून आर्गॉन भरत नाही. जोड दिसेल सुंदर आणि शेजारी पुन्हा तुटेल.

---

घाटवाली

सरळपणाची तपासणी राहिली. लांब सुतळी घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा. सुतळीपासून सीटट्यूबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक १ ते २ मि.मी.च्या आत हवा. मागचं चाक चेनस्टेंच्या मध्ये येतं का तेही बघा, पण आधी चाक उलटं घालून खात्री करा की दोष चाकाचा नाही. टायटॅनियम फ्रेम वाकवून सरळ करणं जवळजवळ अशक्य, ती स्प्रिंगसारखी परत येते.

---

सुकूर_सडा

खूप उपयोगी. वास्को_वेल्डदादा, पाचही जागांचे फोटो मागवते. एक प्रश्न: मालक म्हणतात की सीटपोस्ट "थोडा घट्ट आहे, पण उंची मला बरोबर होती म्हणून हलवला नाही". पोस्ट ॲल्युमिनियमचा आहे. हे किती गंभीर?

---

नटबोल्ट_फोंडा

ताई, हे त्या सायकलीतलं सगळ्यांत गंभीर वाक्य. पैसे देण्याआधी पोस्ट हललाच पाहिजे.

टायटॅनियम गंजत नाही, पण त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम जास्त वेगाने सडतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून पोस्ट आत आवळला जातो. मांद्र्यासारख्या किनाऱ्याच्या गावात, पावसाळा काढलेला, न हललेला पोस्ट म्हणजे हीच शक्यता.

मालकांसमोर करायचं ते एवढंच: क्लॅम्प सैल नाही, पूर्ण काढा. खाचेत आणि कडेने भेदक तेल सोडा, रात्रभर ठेवा. बाटलीच्या बॉसचा बोल्ट काढून तिथूनही आत सोडता येतं. दुसऱ्या दिवशी सीट धरून पिळा. वर ओढू नका, आधी फिरवा. एक अंश जरी फिरला तरी पुढे निघतो.

नाही फिरला तर गॅसच्या ज्योतीने तापवू नका. स्टीलच्या फ्रेमची सवय इथे उलटी पडते. ॲल्युमिनियम उष्णतेने टायटॅनियमच्या अडीचपट फुगतं, म्हणजे तापवलं की अजून आवळतं. इथे गार करायचं: पोस्टचं डोकं कापून आत सुका बर्फ भरायचा, पोस्ट आकसला की पिळायचा. त्यानेही नाही तर पोस्ट आतून कापून काढणं, किंवा कॉस्टिक सोड्याने विरघळवणं. सोडा ॲल्युमिनियम खातो, टायटॅनियमला सहसा हात लावत नाही. पण त्यात हायड्रोजन निघतो, द्रव उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. फोर्क, हेडसेट, बॉटम ब्रॅकेट सगळं आधी काढावं लागतं, कारण त्यांतही ॲल्युमिनियम आहे. हे घरी करण्याचं काम नव्हे.

म्हणून: पोस्ट हलला तर पूर्ण भाव. नाही हलला तर तो काढून देण्याची जबाबदारी मालकांची, नाहीतर सौदा नको.

---

घाटवाली

नटबोल्ट काकांशी सहमत. आणि पोस्ट निघाला की त्यावर कमाल खुणेची रेघ कुठे आहे ते बघा. किती खोल होता हेही डागावरून कळतं. निदान १०० मि.मी. आत, आणि टॉपट्यूबच्या जोडाच्या खालपर्यंत गेलेला हवा. त्यापेक्षा कमी असेल तर वास्को_वेल्ड यांची दोन नंबरची जागा पुन्हा भिंगाने तपासा.

ड्रॉपरबद्दल: ६८० वजा सीटट्यूब ४३० म्हणजे २५० उरतात. त्यातले साधारण ४५ सीटचे. १५० चा ड्रॉपर पूर्ण उघडल्यावर कॉलरपासून रेलपर्यंत २०० च्या आसपास भरतो. जेमतेम बसेल, पण मॉडेलागणिक १० मि.मी. इकडेतिकडे होतात. १२५ घेतलात तर बिनघोर. केबलसाठी फ्रेमला भोक आहे का? नसेल तर पाडून घेऊ नका, त्या भोकातून तडा सुरू होतो. बाहेरून केबल जाणारा ड्रॉपर घ्या.

---

सुकूर_सडा

भोक नाही. बाहेरून केबलचाच बघते. उरलेल्या भागांमध्ये काय तपासू?

---

रानवाट_सत्तरी

इथे भाव पाडायला जागा असते. चेन गेज लावा. ११ किंवा १२ स्पीडला ०.५ ची खूण आत गेली तर चेन बदलायची. ०.७५ गेली तर कॅसेटही गेली असं धरा. फ्रीहबचा (मागच्या हबचा, ज्यावर कॅसेट बसते त्या भागाचा) प्रकार विचारा: एचजी, एक्सडी की मायक्रो स्प्लाइन. पुढे कॅसेट कुठली बसेल ते त्यावर ठरतं. शिमानो रोटर १.८ मि.मी.चा येतो, १.५ ला काढून टाकायचा. व्हर्नियरने मोजा. रोटरवर "फक्त रेझिन पॅड" असं छापलंय का बघा. जांभ्याच्या लाल पाण्यात रेझिन पॅड पटापट संपतात, पावसाळ्यात सिंटर्ड (धातूचे) लागतात, आणि तसे ते त्या रोटरवर चालत नाहीत.

फोर्कच्या नळ्यांवर सीलच्या पट्ट्यात बोट फिरवा. नखाला लागणारा ओरखडा असला तर तेल गळत राहील. लोअर सर्व्हिस दर ५० तासांनी करायची असते. शेवटची कधी झाली याला तारीख सांगता आली नाही तर झालीच नाही असं धरून खर्च वजा करा.

मागच्या १४२ च्या हबची बेअरिंग, हेडसेट, बॉटम ब्रॅकेट हाताने फिरवून बघा. खरखर म्हणजे आत मीठ. फ्रेम टायटॅनियमची असली तरी बेअरिंग स्टीलचीच असतात हे किनाऱ्यावरचे लोक विसरतात.

टायर: चेनस्टे आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मि.मी. हवेत. आपला लाल चिखल साचला की खडे नळी खरवडतात.

---

मापपट्टी

कागदपत्रं दोन ओळींत. सीरियल बॉटम ब्रॅकेटच्या खाली किंवा ड्रॉपआउटवर असतो, त्याचा फोटो आणि मूळ बिल दोन्ही घ्या, बिलावरचा आकडा जुळवा. आजन्म वॉरंटी बहुतेक कंपन्यांत पहिल्या मालकापुरतीच असते, तेव्हा वॉरंटीचे पैसे मोजू नका.

---

सुकूर_सडा

मालकांचं उत्तर आलं. तेल सोडून दुसऱ्या दिवशी पिळल्यावर पोस्ट फिरला आणि बाहेर आला. १४० मि.मी. आत होता. पांढरी भुकटी आहे, पण पोस्टला खड्डे पडलेले नाहीत. पाचही जोडांचे फोटो वास्को_वेल्डदादांना पाठवलेत. फोर्क १०० करता येतो असं मॉडेल क्रमांकावरून कळलं. स्टेमखाली फक्त १० मि.मी. स्पेसर आहे आणि स्टिअरर तेवढाच कापलेला आहे. हँडल सपाट आहे. १०० चा फोर्क केला की पुढचा भाग फार खाली जाईल का?

---

वास्को_वेल्ड

फोटो बघितले. जोडांचा रंग एकसारखा, कडा स्वच्छ. हेडट्यूबखालचा फोटो थोडा धूसर आहे, तो प्रत्यक्ष भेटीत कापसाने तपासा. बाकी मला हरकत दिसत नाही.

---

मापपट्टी

हँडलच्या उंचीचा हिशोब: सध्याची ६३० + स्पेसर १० + उठाव २० = ६६०. दुसरी ६०५ + १० + ० = ६१५. तब्बल ४५ मि.मी. खाली. हे असंच ठेवलं तर बसण्याची लांबी कमी करून मिळवलेला आराम हातांवरचं वजन वाढून निघून जाईल.

स्पेसर वाढवता येत नाहीत. येत असते तरी १० चा स्पेसर हेड कोनाच्या रेषेत बसतो, म्हणजे ९ वर आणि साडेतीन मागे. तुमच्यासाठी उठावाचं हँडल बरं: ३५ किंवा ४० मि.मी. उठाव, रुंदी ७४० पर्यंत, क्लॅम्पचा व्यास स्टेमशी जुळणारा (३१.८ की ३५, मोजून घ्या). ४० च्या उठावाने ६५५ होतात, सध्याच्यापेक्षा फक्त ५ खाली, आणि हात १९ जवळ, म्हणजे ६७४ चे ६५५.

सीट पोस्टवर मधोमध ठेवून सुरुवात करा, पोस्ट मागे न वळलेला सरळ घ्या. चढणीला पुढचं चाक हलकं वाटलं तर सीट ५-५ मि.मी.ने पुढे आणा, १५ च्या पलीकडे नको. स्टेम ६० ने सुरू करा. ५० चा हाताशी ठेवा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला.

---

सुकूर_सडा

सगळ्यांचे आभार. दुसरी घेते. घरी आणल्यावर ॲंटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारा लेप) नेमकं कुठे कुठे लावू? आणि पावसाळ्यात काय करत राहू?

---

नटबोल्ट_फोंडा

तांब्याचं ॲंटी-सीझ: बॉटम ब्रॅकेटच्या दोन्ही कपांचे आटे, फ्रेममधला प्रत्येक बोल्ट (बाटली, कॅलिपर, हँगर), हेडसेटच्या कपांची बाहेरची बाजू, ॲल्युमिनियम सीटपोस्ट. टायटॅनियमच्या आट्यांत काहीही कोरडं फिरवू नका, आटे एकमेकांना चावतात आणि मग बोल्ट तुटतो. कप काढताना लक्षात ठेवा: चेनच्या बाजूचा उलट्या आट्यांचा असतो, दुसऱ्या बाजूचा नेहमीसारखा. बसवताना ३५ ते ५० न्यूटन-मीटर. सीट क्लॅम्प ५ ते ६. कार्बन पोस्ट लावलात तर ॲंटी-सीझ नको, कार्बनची खरखरीत पेस्ट लावा.

रोटर आणि पॅडजवळ ॲंटी-सीझचा हात लावू नका, पॅड कायमचे निकामी होतात.

जून ते सप्टेंबर: चिखलातून आलात की गोड्या पाण्याने साध्या नळाने धुवा. प्रेशर गन बेअरिंगवर मारू नका. पोस्ट काढून सायकल उलटी ठेवा, सीटट्यूबमधलं पाणी निघू द्या. बॉटम ब्रॅकेटखालचं भोक तारेने मोकळं आहे का बघा, लाल माती वाळली की ते बुजतं. महिन्यातून एकदा पोस्ट पुसून नव्याने लेप लावून परत घाला. पोस्टच्या उंचीला इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा, म्हणजे ६८० पुन्हा मोजावं लागणार नाही.

---

घाटवाली

टायरचा दाब राहिला. ६२ किलोला, २.२५ ते २.३५ ट्यूबलेसवर पुढे १९, मागे २२ पीएसआयने सुरू करा. जांभ्याची धार रिमला लागल्याचा ठक आवाज आला तर मागे एक-दोनने वाढवा. पावसात शेवाळलेल्या कातळावर दोन्ही चाकांत एकेक कमी करा. सीलंट पुढे-मागे प्रत्येकी १०० मि.ली., उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासा, इथल्या उष्म्यात ते लवकर सुकतं.